बशी दिसते का? मुलुंडच्या एका तळ्याच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार. बशी ११ सें.मी.

टेप घेऊन माळीमामा आणि मी तळ्यात उतरलो. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, पाणी ५५ सेंटिमीटर. गुणाकार केला तर ३,३०० लिटर. आमच्या सोसायटीच्या कमिटीच्या वहीत गेली कित्येक वर्षं 'अंदाजे १०,००० लि.' असं लिहिलेलं आहे आणि सगळी औषधं त्याच आकड्यावर पडत आली. म्हणजे तिप्पट. मासे कशाने मरतात यावर मागच्या दोन सभा झाल्या होत्या.

बशीचं सांगते. घरातली पांढरी, कान तुटलेल्या कपाची उरलेली बशी. तिला तीन भोकं पाडून सुतळी बांधली, सुतळीवर दर पाच सेंटिमीटरला गाठ. बशी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ साली जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून हेच केलं होतं. आमचा समुद्र ११ सेंटिमीटरलाच संपला.

मासे : गोल्डफिश १४, कोई २ (कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाला आणून सोडलेले, हे हातभर वाढतात हे दुकानदाराने सांगितलं नसावं), गप्पी अगणित.

आजवरची रीत अशी की पाणी हिरवं झालं की मोटर लावून उपसायचं, भिंती ब्लीचिंग पावडरने घासून पांढऱ्या करायच्या, नळाचं पाणी भरायचं. आठ दिवस आरसा, दहाव्या दिवशी पुन्हा मटारचं सूप. हे दर महिन्याला. मी कमिटीकडून सहा महिने मागून घेतलेत, एका अटीवर : या काळात तळं कुणीही धुवायचं नाही.

१२ मार्च. बशी ११

काचेच्या बरणीत पाणी भरून खिडकीत ठेवलं होतं. दोन दिवसांनीही रंग तसाच, तळाशी गाळ नाही. म्हणजे माती नव्हे, पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. ते इतकं बारीक असतं की स्पंजमधूनही आरपार जातं, त्यामुळे नुसत्या जाळीच्या फिल्टरने काही होणार नाही.

त्याला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि खत. उन्हाचं कोडं सुटलं. गेल्या पावसाळ्यात पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी मोडली, तेव्हापासून तळ्यावर सकाळी दहा ते चारपर्यंत थेट ऊन पडतं. खत कुठून येतं ते शोधायचंय.

१६ मार्च, रविवार. बशी १०

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना टायट्रेशन लावून दिलं, त्याचा आज उपयोग झाला. टेस्ट किट आणलं.

सकाळी सहा : पीएच ७.४, अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम. दुपारी तीन : पीएच ८.८, अमोनिया तेवढाच.

आकडा तोच असला तरी विष तेवढंच नसतं. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पीएच चढतो. पीएच ७.५ आणि तापमान ३० अंश असेल तर अमोनियाचा अडीच टक्के भागच विषारी रूपात असतो. पीएच ८.५ झाला की तो वीस टक्के होतो. मासे दुपारी मलूल का असतात ते कळलं. आणि पहाटे तोंड वर काढून धापा का टाकतात तेही, कारण रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खात बसतं. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो.

१८ ते २३ मार्च

बाकावर वही घेऊन बसले. तळ्यात काय काय पडतं याची जंत्री :

सकाळी सहाला तळमजल्यावरच्या आजींच्या कणकेच्या गोळ्या, २१. सातला मामांचं दाणेदार खाद्य, मूठभर. शाळेची बस येईपर्यंत मुलांचा ब्रेड. दुपारी वॉचमनची ग्लुकोजची बिस्किटं. संध्याकाळी पुन्हा मामा, पुन्हा मूठभर, कारण 'भुकेले दिसतात, ताई'. गोल्डफिशला पोट भरल्याचं कळत नाही, तो जन्मभर भुकेलाच दिसतो.

शिवाय कठड्यावर गुलाबाच्या नऊ कुंड्या. मामा त्यांना शेणखत घालतात आणि पाणी असं सढळ हाताने, की कुंडीखालून निघालेलं चहाच्या रंगाचं पाणी थेट तळ्यात. माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, वर्षानुवर्षं. मीही त्याच बाकावर बसून गुलाब बघत होते.

कुंड्या हलवल्या. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मुलांना पटलं, वॉचमनलाही पटलं. आजींना पटलं नाही. "माशांना घातलेलं वर पोचतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "आजी, वर पोचायच्या आधी ते खाली तळाशी बसतं." त्या हसल्या नाहीत. तडजोड झाली पाच गोळ्यांवर.

३० मार्च, पाडवा. बशी १३

क्रॉफर्ड मार्केटात सामान. पंप ताशी २,००० लिटरचा, ११ वॉटचा यूव्ही (अतिनील) दिवा, स्पंजचे तक्ते. दुकानदाराने 'पाणी चकाचक करणाऱ्या' निळ्या द्रावणाची बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न केला. निळं पाणी हवं असतं तर नीळच घातली असती.

२०० लिटरचं निळं पिंप भंगारवाल्याकडून आणलं. आत पूर्वी काय होतं ते विचारून घेतलं (लोणच्याचं व्हिनेगर) आणि तरी तीनदा धुतलं.

६ एप्रिल, रविवार

पिंपाची रचना : पाणी खालून शिरतं, वर चढतं, वरच्या नळीतून तळ्यात परत. तळाशी मोकळी जागा, जड घाण बसायला. त्यावर स्पंज, मग भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या (घाऊक बाजारातून २०० नग, दुकानदाराने हॉटेल कुठे आहे विचारलं), सगळ्यात वर जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे. तळाला बॉल व्हॉल्व्ह, गाळ सोडायला.

चूक माझी : आत येणारी नळी एक इंच आणि बाहेर जाणारीही एक इंच. आत पंप ढकलतो, बाहेर पाणी नुसतं आपल्या वजनाने जातं. सात मिनिटांत पिंप वरून वाहिलं, बॅडमिंटन कोर्टाचं तळं झालं. बाहेरची नळी दोन इंची करावी लागली. टँक निपल नवा, सॉल्व्हंट सिमेंटचा डबा नवा, प्लंबरची हजेरी दुसऱ्यांदा.

इलेक्ट्रिशियन ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीला (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) 'उगाच खर्च' म्हणत होता. या तळ्यात मुलं हात घालतात. तो बसल्याशिवाय पंप सुरू होणार नाही, असं सांगून मी खुर्ची टाकून बसले. बसला.

१३ एप्रिल. बशी १३

पंप आठवडाभर चालू. फरक शून्य. सेक्रेटरी येऊन पिंपाकडे बघून गेले. काही बोलले नाहीत, ते वाईट.

फिल्टर म्हणजे गाळणी नव्हे हे लोकांना कसं सांगावं? कौलांच्या तुकड्यांवर जीवाणूंची पातळ साय धरते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मग झाडं खातात. ही साय धरायला चार ते सहा आठवडे लागतात. दर महिन्याला ब्लीचिंग मारून आपण नेमकी तीच खरवडून काढत होतो. विरजण लावायचं आणि दर तासाला भांडं घासायचं, तसं.

२७ एप्रिल. बशी १४

अमोनिया ०.२५, नायट्राइट १. वाईट वाटलं तरी ही प्रगती आहे. पहिली टोळी कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे. नायट्राइटने माशांचं रक्त ऑक्सिजन वाहीनासं होतं. मिठातला क्लोराइड ते कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही, म्हणून साधं खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने ३.३ किलो, बादलीत विरघळवून तीन वेळा विभागून घातलं. वहीतल्या १०,००० वर विसंबले असते तर तळ्यातलं कुमुद (पाणकमळ) गेलं असतं.

यूव्ही दिवा आज जोडला, पंप आणि पिंप यांच्या मध्ये. दिव्याने मेलेलं शेवाळ गुठळ्या धरतं, मग ते पिंपात अडकतं.

४ मे, रविवार. बशी ३८

तिसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं दुधट झालं, पाचव्या दिवशी मासे दिसायला लागले. मुलांनी १४ गोल्डफिश मोजले आणि कोई तीन निघाले. तिसरा कुणी सोडला हे कुणीच कबूल करत नाही.

सेक्रेटरींनी दिव्याचा फोटो काढला. सगळं श्रेय दिव्याला. दिवा आज बंद केला आणि खत येतच राहिलं तर पंधरा दिवसांत पुन्हा सूप, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसरा दिवा कितीला पडेल ते विचारलं.

१८ मे. बशी ४४

पाणी स्वच्छ झालं तसं ऊन तळापर्यंत गेलं आणि भिंतींवर तंतूशेवाळ माजलं, हिरव्या केसांसारखं. यावर दिवा चालत नाही, कारण ते दिव्यापर्यंत जातच नाही. मामांनी खरखरीत बांबूची काठी फिरवून सूत गुंडाळावं तसं काढलं. दोन बादल्या. तेच आता गुलाबांना.

वर हिरवी शेडनेट, अर्ध्या भागावर. कर्दळ आणि वाळा कडेच्या भोकांच्या टोपल्यांत, माती न घालता, मुळं थेट पाण्यात. वाळ्याची मुळं वीतभर उतरली की पाण्यातलं नायट्रेट ओढायला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि माठात टाकायला घरचा वाळा. जलपर्णी लावायचा सल्ला तिघांनी दिला. ती पाणी साफ करते हे खरं, पण इथून नाल्यात गेली की कुणाचं तळं शिल्लक ठेवणार नाही. नको.

अमोनिया ०, नायट्राइट ०. ही ओळ लिहायला सहा आठवडे लागले.

कांद्याच्या जाळीदार पिशवीत कौलांचे दोन-तीन किलो तुकडे भरून पंपाजवळ, कुमुदाखाली ठेवले. विरजणाचं बोटभर दही बाजूला काढून ठेवतात, तसं.

किरकोळ : पाणी रोज दीड सेंटिमीटर उतरतं. मे महिन्याचं ऊन. मामा रोज नळाने भरतात.

२६ मे, सोमवार. बशी ९

मॉन्सून आजच मुंबईत आल्याचं वेधशाळेने जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात कठडा उंच करणार होतो. हिरवळीवरची लाल माती सरळ तळ्यात. पाणी दुधाच्या चहासारखं.

सगळ्यांचं एकमत : तुरटी फिरवा. माझ्या आजोळी कोकणात माठाच्या आत निवळीची बी उगाळायचे, तेही आठवलं. पण पिण्याच्या माठात मासे नसतात. तुरटीने माती खाली बसते, त्याच वेळी पाण्याचा क्षारपणाही खर्ची पडतो. नळाचं पाणी तानसा-वैतरणा-भातसाचं, मुळात मऊ. त्यात पावसाचं पाणी, त्याहून मऊ. पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. मी वही उघडून बरणीत पुन्हा पाणी भरलं. माती चोवीस तासांत अर्धी बसली. मग थांबू या.

विटांची एक रांग आणि सिमेंटचा गिलावा, भर पावसात ताडपत्रीखाली. गवंडी शिव्या देत होता, बरोबरच होतं.

१ जून. बशी ३१. पिंपाचा व्हॉल्व्ह रोज सोडतोय, लाल पाणी येतं. तुरटी कपाटात.

२२ जून. बशी ४०. क्षारपणा घसरलाय. खाण्याचा सोडा १०० ग्रॅम, विरघळवून. पिंपात शिंपल्यांची पिशवी टाकली, पीएच उतरला की त्या आपोआप झिजतात.

१३ जुलै. बशी ४६. पालिकेची डास तपासणी झाली. बॅटरी मारून, पळीने पाणी काढून बघितलं. एक अळी नाही. गप्पींनी नोकरी केली.

१९ ऑगस्ट, मंगळवार. बशी मोजली नाही

कालपासून कोसळतोय. लोकल बंद, शाळा बंद. वीज दुपारी गेली ती सहा तास. तळं कठड्यावरून वाहिलं. वॉचमनला गवतात एक गोल्डफिश उड्या मारताना सापडला, छत्रीत घालून आणला. तो जगला. गप्पी किती गेले देव जाणे, त्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

वीज आल्यावर मामा पंप लावायला धावले, त्यांना थांबवलं. बंद पिंपात सहा तास ऑक्सिजन नाही. आतलं पाणी सडकं होतं, ते तसंच तळ्यात ढकललं तर मासे त्याने मरतात. आधी खालचा व्हॉल्व्ह उघडून पिंप रिकामं केलं (वास!), मग पंप. भर पावसात, गुडघाभर पाण्यात, आरसीसीबीचे पैसे वसूल.

२८ ऑगस्ट, गुरुवार. बशी ४२

दीड दिवसाचे गणपती. दरवर्षी बी विंगमधल्या दोन शाडूच्या मूर्ती या तळ्यात विसर्जित होतात, ते मी विसरले होते. आरती म्हणत मंडळी खाली आली तेव्हा आठवलं. धावत जाऊन गच्चीवरचा मोठा टब आणला, धुतला, भरला, कडेला झेंडूचं तोरण लावलं. थोडी कुजबुज झाली. मग त्यांच्यातलेच एक काका म्हणाले, "बाप्पाला काय, पाणी पाहिजे." तळ्याला तो आणखी दोन किलो गाळ झाला असता. टबातली शाडू चार दिवसांनी मामांनी कुंड्यांत घातली.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री. बशी ४८

आजी खाली आल्या, हातात ताट. मी बाकावरून उठले. मोजल्या : पाच गोळ्या. "यंदा लहान केल्यात," म्हणाल्या. माशांकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. पूर्वी टाकलेली गोळी कोण खातं ते दिसायचं नाही, आता दिसतं, म्हणाल्या. काळ्या ठिपक्यांचा गोल्डफिश आजोबांसारखा आधी सगळ्यांना खाऊ देतो, हेही.

१५ ऑक्टोबर, बुधवार. बशी ५०

दिवाळीची सफाई. मी दोन तास बँकेत. परत आले तर पिंप उघडं, जाळ्या हिरवळीवर वाळत, कौलाचे तुकडे ब्रश मारून लालभडक, आणि सफाईचा मुलगा अभिमानाने उभा. "मॅडम, आत केवढी घाण होती!" नळाच्या पाण्याने, साबणही लावला होता. त्याला काय बोलणार? पाटी तळ्यावर लावली होती, पिंपावर नव्हती. मी आतापर्यंत ज्याला फिल्टर म्हणत होते ते नाल्यातून वाहून गेलं.

जाळ्या पाच वेळा खळबळून साबण काढला. कांद्याची पिशवी कुमुदाखालून काढली. तुकडे बुळबुळीत, तपकिरी, बघायला किळसवाणे. पिंपाच्या अगदी वरच्या थरात ठेवले. खाद्य बंद. आजींना जाऊन सांगितलं, त्यांनी काहीच न विचारता मान डोलावली.

१८ ऑक्टोबर. बशी ४१. अमोनिया १. रोज ५०० लिटर पाणी बदलतोय. नळाचं पाणी पिंपांत भरून त्यात हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) ५ ग्रॅम, क्लोरिन मारायला. माझ्या दिवाळीच्या चकल्या यंदा विकतच्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. बशी ३५. अमोनिया ०.५, नायट्राइट ०.५. पुन्हा ३.३ किलो मीठ. एक कोई कोपऱ्यात एकटा उभा.

२९ ऑक्टोबर. बशी ४३. अमोनिया ०, नायट्राइट ०.२५. एप्रिलमध्ये याला सहा आठवडे लागले होते, या वेळी दोन. पिशवीची करामत. कोई खायला आला.

९ नोव्हेंबर, रविवार. बशी ५२. दोन्ही शून्य. पिंपावर पाटी : 'ही घाण नाही. हात लावू नये.' सफाईच्या मुलाने स्वतः रंगवली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. बशी तळाला

५५. सुतळी सैल पडली आणि बशी वर पाहत होती. कारंज्याची जुनी पितळी तोटी दिसली, चार आण्याचं एक नाणं दिसलं, कुणाचा तरी कंगवा.

आणि तोटीपासून उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला एक तडा. गप्पी त्याच्याजवळून जाताना किंचित ओढले जातात.

पाऊस संपल्यापासून पाणी पुन्हा रोज दीड सेंटिमीटर उतरत होतं. नोव्हेंबरात. मी मे महिन्यात उन्हावर ढकललं आणि पावसाळ्यात विसरले. दीड सेंटिमीटर म्हणजे दिवसाला ९० लिटर, आणि मामा ते मुकाट्याने नळाने भरत होते.

तडा बुजवायला कोरडा लागतो. नवं सिमेंट पीएच चढवतं, म्हणून भरल्यानंतर दोन-तीनदा पाणी भरून सोडावं लागेल. मासे तोवर गच्चीवरच्या टबात आणि दोन पिंपांत, फिल्टरचं पिंप त्यांनाच जोडून चालू ठेवायचं. कौलं एक मिनिटही कोरडी पडता कामा नयेत.

मामा काठाशी उकिडवे बसले होते. "म्हणजे ताई, तळं उपसायचं?"

"हो."

"आणि धुवायचं?"

"भिंती नाही. फक्त तडा."

मोटर पुढच्या रविवारी. टब आधी भरून ठेवायचा, शनिवारी सकाळी. हायपो संपलाय, आणायचा.